परीच्या बागेतील शरद

ओव्हन तापत आला होता. कागद अंथरलेल्या तबकात ओकची चाळीस-पन्नास फळे ओळीने मांडली होती आणि नऊ वर्षांची नात हातांत जाड कापडी मोजे चढवून वाट पाहत उभी होती. ग्रंथालयातून आणलेल्या हस्तकलेच्या पुस्तकात सांगितले होते की, ही फळे धुऊन पुसून घ्यावीत आणि दोनशे अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ९३ अंश सेल्सिअसवर, तास-दोन तास भाजावीत.

“भाजायची कशाला? खायची आहेत का?” आजींनी विचारले.

“नाही गं आजी. आत अळ्या असतात ना, त्या मरतात. नाहीतर मग डेकोरेशनमधून बाहेर येतात.”

आजींनी काही न बोलता पुढे होऊन ओव्हनचे बटण बंद केले.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील एडिसन हे गाव आपल्या व्यापारी घरांना आता परके राहिलेले नाही. कोणाचा मुलगा, कोणाची भाची तेथे किंवा आसपास स्थायिक झालेली असते आणि त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांसाठी जाऊन येणारे आईवडीलही पुष्कळ असतात. या आजी त्यांपैकीच. माहेर आणि सासर दोन्ही बारामतीचे. सासरी धान्याची आडत. सप्टेंबरात त्या मुलाकडे गेल्या, तेव्हा घराच्या पुढच्या ओसरीवर सफरचंदाच्या जुन्या लाकडी खोक्यात नातीची ‘परीची बाग’ मांडलेली होती आणि ती शरदासाठी सजवण्याचे बेत चालले होते.

परीची बाग म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पसरट कुंडी, परात किंवा खोके घ्यायचे, त्यात खरी माती भरायची, खुरटी व हळू वाढणारी खरी रोपे लावायची आणि त्यांच्यामधून खड्यांची पायवाट, हाताच्या पंजाएवढे घर, काड्यांचे कुंपण, बसायला बाक अशी एक लहानशी वस्ती उभी करायची. या वस्तीत परी राहते असे मानायचे. परी दिसलीच पाहिजे असे नाही. किंबहुना ती न दिसणेच चांगले, कारण मग मुले तिच्यासाठी अधिक मन लावून काम करतात. ऋतू बदलला की बागेची सजावट बदलते. इंग्लंडातील चित्रकर्त्री सिसिली मेरी बार्कर यांनी फुलांच्या व फळांच्या पऱ्यांची चित्रे काढली. त्यांच्या मालिकेतील शरद ऋतूचे पुस्तक १९२६ साली निघाले. चित्रातील प्रत्येक वनस्पती त्या खऱ्या वनस्पतीवरून काढीत आणि परीसाठी समोर खरे मूल बसवीत. परीचे पंख तेवढे कल्पनेचे, बाकी सर्व निरीक्षणाचे. हाच बाणा परीच्या बागेत उतरला तर ती पाहण्यासारखी होते.

बाजारात अर्थातच सगळे तयार मिळते. प्लॅस्टिकचे बोटाच्या पेराएवढे भोपळे, रंगवलेल्या पानांच्या माळा, गवताच्या गंजी, बुजगावणी, पाकिटेच्या पाकिटे. त्यांनी अर्ध्या तासात बाग सजते आणि थँक्सगिव्हिंगनंतर ते पाकीट कपाटात किंवा कचऱ्यात जाते. खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी यात मुलाच्या हाताला काही मिळत नाही.

याच्या नेमकी उलट रीत मेन राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १६ किलोमीटर आत समुद्रात असलेल्या मॉन्हेगन बेटावर आहे. तेथील ‘कथीड्रल वुड्स’ नावाच्या सूचिपर्णी रानात झाडांच्या बुंध्यांशी मुले आणि मोठी माणसेही परीची घरे बांधत आली आहेत. तेथे मानला जाणारा नियम असा की, जे आपोआप खाली पडले आहे तेच वापरायचे. जिवंत काही तोडायचे नाही, शेवाळही उपटायचे नाही, आणि बाहेरून आणलेली प्लॅस्टिकची वस्तू तर मुळीच ठेवायची नाही. या बेटावरील रान राखणारी संस्था १९५४ साली थॉमस एडिसन यांचे चिरंजीव थिओडोर एडिसन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. योगायोग असा की, न्यू जर्सीतील ज्या गावी ही आजी-नात बसली होती, त्या गावाने थॉमस एडिसन यांचे नाव धारण केले तेही १९५४ मध्येच.

जांभळाच्या झाडाखालील सहा वाटसरूंची कथा आपल्या घरांतील मुले लहानपणीच ऐकतात. पहिला झाड मुळासकट पाडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेलीच जांभळे वेचतो. त्यामुळे बेटावरचा तो नियम सुनेने वाचून दाखवला, तेव्हा आजींना तो नवा वाटला नाही. परीवर मात्र त्यांचा विश्वास बसेना. नातीने बागेची कल्पना समजावून सांगितल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे किल्लाच की गं.” बारामतीच्या वाड्यात दिवाळीपूर्वी भावंडांनी विटा आणि दगड रचून, त्यांवर पोते टाकून, चिखल लिंपून केलेले किल्ले त्यांना आठवत होते. चिखलावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत डोंगर हिरवा होई. पायथ्याशी शेत, विहीर, बाजार. वर मातीचे मावळे. ऑक्टोबरात थंडीची चाहूल लागताच अंगणातील मातीत छोटे जग उभे करण्याची हौस दोन्हीकडे आहे; तेथे परी, येथे महाराज, इतकाच फरक.

किल्ल्याच्या अनुभवामुळे आजींच्या लक्षात एक गोष्ट प्रथम आली, ती प्रमाणाची. नातीने मेपलची लालभडक पाने आणून खोक्यात पसरली होती आणि बाग काही केल्या चांगली दिसत नव्हती. बाहुलीघरे व परीच्या बागा बहुधा बारास एक या प्रमाणात करतात. एक फुटाची वस्तू एका इंचात. या हिशेबाने १२ सेंटिमीटरचे मेपलचे पान परीच्या अंगणात १४४ सेंटिमीटरचे होते. “अगं, हे पान आहे की सतरंजी?” असे आजींनी म्हणताच नात खळखळून हसली आणि मग दोघी लहान पानांच्या शोधात निघाल्या.

ती घरासमोरच्या रस्त्यावरच सापडली. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे रस्त्याच्या कडेला हनी लोकस्ट नावाची झाडे पुष्कळ लावतात. त्याचे पान चिंचेसारखे, बारीक पर्णिकांचे. ऑक्टोबरात या पर्णिका हळदीसारख्या पिवळ्या होऊन गळतात आणि पदपथावर सोन्याचा भुगा सांडल्यासारखे दिसते. एकेक पर्णिका एक-दोन सेंटिमीटरची. परीच्या झाडाचे पान म्हणून नेमकी. कोणाच्या अंगणातील जपानी मेपलखाली बोटभर रुंदीची तांबडी पानेही मिळाली, अर्थात विचारून. मोठ्या मेपलच्या पानांतून कागदाला भोक पाडण्याच्या यंत्राने गोल टिकल्या काढल्या, त्या सुईने दोऱ्यात ओवल्या आणि परीच्या दारासाठी तोरण झाले. हे काम पान ताजे पडलेले असतानाच करावे लागते. दोन दिवसांत ते कुरकुरीत होते आणि सुईखाली फुटते. पाने सपाट ठेवायची तर वर्तमानपत्राच्या घडीत, वर जड पुस्तके ठेवून आठ-दहा दिवस दाबावीत. लवचिक ठेवायची तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी या मिश्रणात चार-पाच दिवस बुडवून ठेवावीत. ग्लिसरीन वनस्पतिजन्य आहे ना, हे बाटलीवर पाहून घ्यावे. पुस्तकात पाने मधमाश्यांच्या मेणात बुडवायला सांगितले होते. ते पान सुनेने आपणहून उलटले.

पाने लाल-पिवळी का होतात, हे नातीने शाळेत शिकून आजींना सांगितले. दिवस लहान झाला की झाड पानातील हरितद्रव्य तयार करणे थांबवते आणि असलेले मोडून त्यातील उपयोगी अंश खोडाकडे परत घेते. पिवळा रंग पानात मुळातच असतो. हिरवा गेल्यावर तो दिसू लागतो. तांबडा मात्र बहुतेक झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड, पण न गोठणाऱ्या रात्री लाभल्या तर तो अधिक खुलतो. देठाशी एक पडदा तयार होतो आणि पान सुटते. झाड आपला हिशेब पुरा करूनच पान सोडते, असे आजींनी यावर म्हटले आणि नातीला ते फार आवडले.

दुसरा खजिना स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यात निघाला. दालचिनीच्या कांड्या म्हणजे परीच्या दारात रचलेले थंडीचे सरपण. चक्रीफूल भिंतीवर टांगायला. लवंग तर बहुगुणी. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी असे घट्ट मळून त्याचे बोराएवढे गोळे केले, दोऱ्याने सभोवती दाब देऊन खाचा पाडल्या आणि वर लवंगेचा दांडा खोचला की हुबेहूब डांगर. हळदीत किंचित लाल रंग मिसळला की रंगही साधतो. पीठ मळणारा हात साठ वर्षांचा सराव असलेला, त्यामुळे भोपळे एका बैठकीत दोन डझन झाले. हे मिठाचे भोपळे पावसात विरघळतात, मीठ मातीत उतरले तर रोपांना बाधते, आणि कुत्र्याने खाल्ले तर त्याला घातक ठरते. म्हणून ते उघड्यावर न ठेवता परीच्या पडवीत, झाकणाच्या ताटलीवर ठेवले. वाळलेल्या गवताच्या काड्या सुतळीने बांधून मक्याच्या पेंढ्या झाल्या. बुजगावणे आजींनी स्वतः केले आणि त्याला जुन्या धोतराच्या किनारीचे मुंडासे बांधले. न्यू जर्सीत असे बुजगावणे दुसरे नसावे.

आता राहिली होती ओकची फळे, आणि नातीचा सारा जीव त्यांच्यातच होता. परसदारी जुना लाल ओक आहे. न्यू जर्सीचा तो राज्यवृक्ष. त्याचे फळ सुपारीएवढे, तपकिरी, गुळगुळीत, आणि डोक्यावर खवल्यांची टोपी. इंग्रजीत त्याला एकॉर्न म्हणतात. शरदाची सजावट आणि एकॉर्न ही जोडी तिकडे आपल्याकडील दसरा आणि आपट्याच्या पानांइतकी पक्की आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ग्रंथालयाच्या मुलांच्या दालनात सगळ्यांच्या बागा मांडायच्या होत्या आणि वर्गातील मैत्रिणीच्या बागेत एकॉर्नची आख्खी भिंत होती.

ओव्हन बंद झाल्यावर नातीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा कामावरून आला तेव्हा घरात अबोला होता. त्याने तोडगा सुचवला, फळे फ्रीझरमध्ये ठेवू. आजी म्हणाल्या, “उष्णतेनं मारलं काय अन् थंडीनं मारलं काय?” मग तो म्हणाला, पाण्यात टाकून पाहू; तरंगतील ती किडलेली, बुडतील ती चांगली; चांगली तेवढी घेऊ. तसे केले. वीस-बावीस बुडाली. आजींनी त्यांतले एक हातात घेतले. “हे बुडालं म्हणजे आत दाणा भरलेला आहे. वसंतात रुजेल. म्हणजे बी सचित्त. मग हे भाजायचं, रंग लावायचा, गोंदानं चिकटवायचं?” मुलगा थोडा वैतागला. “आई, झाडावरून हजारो पडतात. खारी खातात. सगळ्यांची झाडं होत नाहीत.” “खारी खातात ते त्यांचं पोट. आपलं कुठं पोट अडलंय?” सूनबाई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “आई, तुमचं बरोबर आहे, पण तिला दुसरं काहीतरी द्यायला हवं. नुसतं नाही म्हणून नाही चालायचं.” या वाक्याने त्या संध्याकाळी घर सावरले.

फळातील अळी कोणाची, हे नातीने शोधून काढले. एक सोंडवाला भुंगेरा असतो. मादी उन्हाळ्यात झाडावरील कोवळ्या हिरव्या फळाला आपल्या लांब सोंडेने बारीक भोक पाडते आणि आत अंडे घालते. अळी आतला गर खाऊन वाढते. फळ खाली पडल्यावर ती कवचाला वाटोळे भोक पाडून बाहेर येते, जमिनीत शिरते, आणि तेथे वर्ष-दोन वर्षे राहून भुंगेरा होऊन निघते. “अगं, हा तर सोंडा!” आजी उद्गारल्या. आडतीच्या घरात गहू-तांदळातला सोंडा कोणाला ठाऊक नसतो? बारामतीच्या घरी धान्य निवडताना सापडलेले सोंडे-पोरकिडे मूठभर धान्यासह सावलीत, पायाखाली येणार नाहीत अशा जागी ठेवण्याची रीत होती. ते काम लहानपणी त्यांच्याकडेच असे. इतक्या दूर ओकच्या फळात त्याच गोतातला जीव भेटला, याचे त्यांना काहीसे नवलच वाटले.

यातून एक वाट दिसली. ज्या फळाला वाटोळे भोक आहे, त्यातील अळी आपली आपण निघून गेलेली. ते फळ रुजणार नाही आणि त्यात कोणी नाही. मग तीच घ्यावीत! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघींनी ओकखाली वाकून भोकाची फळे वेचली. गेल्या वर्षीची जुनी, काळपटलेलीही घेतली. तबकातील आधीची सर्व फळे झाडाखाली परत नेऊन ओतली. दुसऱ्या सकाळी त्यांतील निम्मी खारींनी उचलली होती.

भोकाची एकोणीस फळे पांढऱ्या कागदावर ठेवली. नात भिंतीची आखणी करू लागली. आजींना सवयीने वाटले की एकदा झटकून पाहावे. त्यांनी एकेक फळ कागदावर हलके आपटले. चौदाव्या की पंधराव्या फळाच्या भोकातून मधाच्या रंगाची एक इवली मुंगी बाहेर आली. मग दुसरी, तिसरी. बघता बघता कागदावर वीस-पंचवीस मुंग्या झाल्या आणि त्यांतील काहींच्या तोंडात पांढरे कण होते. नात श्वास रोखून पाहत राहिली. “आजी, ती त्यांची बाळं आहेत.”

टेम्नोथोरॅक्स नावाच्या या मुंग्या दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि अळीने सोडलेले पोकळ एकॉर्न हे त्यांचे आवडते घर. राणी, कामकरी मुंग्या, अंडी, अळ्या असा सारा संसार एका फळात मावतो. घर फुटले तर पाहणी करणाऱ्या मुंग्या नवी जागा शोधतात आणि काही तासांत सारे बिऱ्हाड तेथे हलवतात. त्या जागा कशी निवडतात यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. परीसाठी बोटभर उंचीचे घर बांधायला बसलेल्या मुलीच्या समोर तिच्या बागेहून कितीतरी लहान, खरे, राहते घर होते. तिने ते फळ कागदावरच अलगद एका बाजूला ठेवले आणि कोणी श्वासही जोराने घेऊ नये असा हुकूम काढला. अर्ध्या तासात मुंग्या पांढरे कण घेऊन पुन्हा आत गेल्या. अंधार पडण्यापूर्वी कागद तसाच उचलून दोघींनी ते फळ ओकच्या मुळाशी, जेथून घेतले होते तेथे, पानांखाली ठेवले. मग उरलेली अठराही नेऊन ठेवली. ती झटकून पाहा असे कोणी म्हटले नाही.

एकॉर्नची भिंत अशा रीतीने कायमची रद्द झाली. राहिल्या त्या फळांच्या टोप्या. त्या फळापासून सुटून ओकखाली शेकड्यांनी पडलेल्या होत्या. टोपीत बीज नसते आणि उघड्या वाटीत कोणी लपत नाही. उलटी केली की आतले सारे दिसते. मग टोप्यांचे काय करावे, यावर बराच खल झाला. नातीने चार टोप्यांना देठाच्या काडीचे कान लावून चहाचे पेले केले. आजींच्या डोक्यात मात्र वेगळेच चालले होते. तिकडची शरदातली सजावट ही मुळात सुगीची. भोपळे, मक्याची कणसे, पेंढ्या हे सारे शेतातून घरी आलेल्या मालाचे प्रदर्शन. माल आला म्हणजे बाजार आला आणि बाजार आला म्हणजे आडत आली. “परी धान्य विकायला कुठं नेते?” त्यांनी विचारले. नातीला उत्तर सुचेना.

मग परीच्या बागेत आडतीचे दुकान उभे राहिले. दालचिनीच्या दोन कांड्यांवर पडलेल्या बर्चच्या सालीचे छप्पर. जिवंत झाडाची साल कोणी काढू नये. झाडाला इजा होते. पुढे टोप्यांच्या टोपल्या, त्यांत मोहरी, तीळ, राजगिरा यांच्या राशी. गोणपाटाच्या तुकड्याची बारकी पोती. पाइनच्या फळाचा एक खवला म्हणजे गादी, त्यापुढे काडीपेटीच्या कागदाची वही, आणि वहीवर आजींच्या हातचे सूक्ष्म स्वस्तिक. पण सर्वांत देखणी झाली ती तागडी. एक सरळ काडी, मधोमध दोरा, दोन्ही टोकांना तीन-तीन दोऱ्यांनी टांगलेल्या दोन टोप्या. पहिली जोडी एका बाजूला कलली. दुसरीही कलली. टोप्या दिसायला सारख्या असल्या तरी वजनाला सारख्या नसतात. आजींनी टोप्यांचा ढीग पुढे ओढला आणि जोडी जमेपर्यंत उठायचे नाही असे ठरवले. अकराव्या जोडीला काटा मध्यावर थांबला. रिकामी तागडी ज्या दुकानात एका बाजूला झुकते, तेथे माल घेऊ नये, हे त्यांनी सासऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. ते त्यांनी नातीला सांगितले आणि तिने एका पारड्यात मोहरीचे तीन, दुसऱ्यात तीन दाणे मोजून टाकले.

ग्रंथालयात त्या बागेपुढे मुले बराच वेळ रेंगाळत होती. बुजगावण्याच्या मुंडाशाविषयी पुष्कळ प्रश्न आले. मैत्रिणीची एकॉर्नची भिंत शेजारीच होती आणि ती खरोखरच सुंदर दिसत होती. नातीने तिला अळीविषयी काही सांगितले का, असे आईने घरी विचारले. “नाही. तिची झालेली आहे ना आता. पुढच्या वर्षी आधीच सांगीन.”

यानंतर आठवड्याने निराळाच प्रश्न उभा राहिला. तिकडे नोव्हेंबरात दर शनिवार-रविवारी अंगणातील पाने गोळा करून रस्त्याच्या कडेला लावायची, मग पालिकेची गाडी ती नेते. मुलगा दाताळे घेऊन ओकपाशी गेला, तसा नातीने त्याचा रस्ता अडवला. पानांखाली ते घर होते. शिवाय आता तिने अधिक वाचले होते. काजव्यांच्या अळ्या, अंगावर लव असलेल्या सुरवंटांच्या काही जाती आणि पानाच्या पुडीत गुंडाळलेले ल्यूना पतंगाचे कोष हिवाळा याच पानांच्या थरात किंवा त्याखालच्या मातीत काढतात. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेली झर्सीज सोसायटी ही कीटकांसारख्या अपृष्ठवंशी जीवांचे रक्षण करणारी संस्था आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळून नामशेष झालेल्या एका निळ्या फुलपाखराचे नाव तिने घेतले आहे. ही संस्था लोकांना पाने शक्य तेथे तशीच राहू देण्यास सांगते. मुलाचे म्हणणेही वावगे नव्हते. पानांचा जाड थर राहिला तर खालचे गवत मरते, पायवाटेवर ओली पाने निसरडी होतात, आणि शेजाऱ्यांना ते आवडत नाही. दोन्ही बाजू ऐकून सूनबाईने सुतळी आणली. ओकभोवती सुमारे दहा फुटांचे वर्तुळ आखले गेले. वर्तुळाबाहेरची पाने बापाने ओढावी, आतली कोणी हलवू नयेत.

ते ओढण्याचे काम संध्याकाळपर्यंत चालले. आजी ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. खोक्यातील बाग परत आली होती. ने-आण करताना टोप्यांमधील मोहरी मातीत सांडली होती आणि आडतीच्या दुकानापुढे बोटभर हिरवे कोंब वर आले होते, थेट किल्ल्यावर येत तसे. नातीने वर्तुळाच्या आत, त्या फळाजवळ खुणेची एक काडी रोवली आणि रस्त्यावरील घरांना असतो तसा, आपल्या घराच्या पुढचा क्रमांक तिच्यावर लिहिला.

डिसेंबरात पहिले बर्फ पडले तेव्हा काडी अर्धी झाकली गेली. आजींचे परतीचे विमान फेब्रुवारीत होते.